मदत हवी आहे: जनसुनावणीवरचा शोधनिबंध कुठे पाठवावा?

नमस्कार मंडळी. मी लातूर भागातली, पीएचडी करतेय. विषय पर्यावरण आणि सामाजिक परिणाम मूल्यांकन. २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेखाली साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीसाठी झालेल्या जनसुनावण्यांची इतिवृत्तं आणि अंतिम अहवाल समोरासमोर ठेवून निबंध लिहिलाय. एका गावात बायांनी बरंच विचारलं होतं: विहिरीचं पाणी लालसर झालंय, ढोरं तोंड लावत नाहीत, टँकर कोण देणार? अहवालाच्या तक्त्यात उत्तर एवढंच, 'सांडपाणी बाहेर सोडले जाणार नाही.' हे कुठेतरी नीट नोंदलं जावं, असं मनापासून वाटतं.

'इम्पॅक्ट असेसमेंट अँड प्रोजेक्ट अप्रेझल' आणि 'एन्व्हायर्न्मेंटल इम्पॅक्ट असेसमेंट रिव्ह्यू' ही दोन जर्नल्स डोळ्यासमोर आहेत. मोजक्या गावांवरचा अभ्यास तिथे घेतात का? ओपन ॲक्सेसची (लेख सगळ्यांना मोफत वाचता यावा म्हणून लेखकाने भरायची) फी मला झेपणारी नाही. यूजीसीने २०२५ मध्ये केअर यादी (मान्य जर्नल्सची यादी) बंद केल्यापासून पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्यांचे मेल तर रोजचेच झालेत. तिकडे जायचं नाही.

खरी अडचण वेगळीच. इतिवृत्त सार्वजनिक आहे, बोलणाऱ्यांची नावं त्यात आहेत. पण त्यांचा ऊस त्याच कारखान्याला जातो. तोड लांबली तर वर्ष गेलं. नावं मी काढलीच आहेत. गावाचं नावही बदलावं का? बदललं तर समीक्षक पुरावा कसा तपासणार?

या विषयात कुणी छापलं असेल तर कृपया सांगा. गाइड सरांना पुढच्या आठवड्यात मसुदा द्यायचाय.