दुर्लक्षित राहिलेले ऐतिहासिक चित्रपट : तुम्ही कुठला पाहिला, कुठे पाहिला, काय लक्षात राहिलं?

धंतोली, वकील (धागा सुरू करतोय)

मागच्या रविवारी घरी 'रामशास्त्री' लावला. प्रभातचा, १९४४ चा. कॉलेजात शिकणारी पुतणी सहज येऊन बसली आणि शेवटपर्यंत उठली नाही. संपल्यावर म्हणाली, "काका, याचं नाव मी आजवर ऐकलंच कसं नाही?"

मी नागपूर खंडपीठात वकिली करतो, म्हणून असेल, पण राघोबादादाला 'देहांत प्रायश्चित्त' सुनावणारे गजानन जागीरदार पाहताना दर वेळी माझा घसा दाटतो. समोर सत्ता, हातात फक्त शास्त्र. ललिता पवारांची आनंदीबाईही तितक्याच ताकदीची. ऐतिहासिक म्हटलं की आज आपल्याला रणांगण आणि ढोलताशेच आठवतात. इथे एका माणसाच्या नकारावर अख्खा चित्रपट उभा आहे, आणि मला तो कुठल्याही युद्धपटाहून भव्य वाटतो.

असे मागे पडलेले चित्रपट तुमच्याकडेही असतील. नुसती नावं नकोत, अनुभव लिहा.

कामठी, निवृत्त सुभेदार

वकीलसाहेब, माझा युद्धपटच आहे. 'वॉटर्लू', १९७०, दिग्दर्शक सर्गेई बोंडार्चुक. नोकरीत असताना युनिटमध्ये पडदा लावून दाखवला होता. जेवणाची वेळ टळून गेली तरी मी पाहून राहिलो होतो.

त्यात सोव्हिएत सैन्याचे सुमारे १५ हजार खरे सैनिक उतरवले होते. इंग्रज पायदळाचे चौकोन आणि त्यांना वेढा घालणारं फ्रेंच घोडदळ, हे सगळं उंचावरून दिसतं. घोडे चौकोनांवर आदळत नाहीत, भोवती भोवऱ्यासारखे फिरत राहतात. मी परेड घेतलेली आहे भाऊ. शंभर जणांची रांग सरळ ठेवताना काय होतं ते मला विचारा. हजारो माणसांचे चौकोन, वर धूर आणि बिथरलेली जनावरं, हे ज्यानं जमवलं त्याला माझा सलाम. आणि त्या गदारोळात एक कोवळा शिपाई चौकोन सोडून बाहेर धावतो, आपण एकमेकांना का मारतोय म्हणून ओरडत. तेव्हा आमच्या बराकीत कोणी हूं की चूं केलं नाही.

तिकीटबारीवर हा चित्रपट आपटला. मला अजून पटत नाही.

महाल, इतिहासाची शिक्षिका

सुभेदारकाका, तुमच्या चित्रपटात १५ हजार सैनिक, माझ्यात एकही लढाई नाही. 'शतरंज के खिलाडी', १९७७. सत्यजित राय यांचा, प्रेमचंदांच्या कथेवरचा.

लखनौत दोन जहागीरदार बुद्धिबळात बुडालेले आणि तिकडे कंपनी अवध गिळून राहिली आहे. संजीवकुमार आणि सईद जाफरी यांची जोडी सगळे आठवतात. मी मात्र अमजद खानच्या वाजिद अली शाहवर जीव टाकते. कवी, ठुमरीवर प्रेम करणारा राजा. शेवटी तो डोक्यावरचा मुकुट काढून कंपनीचा रेसिडेंट आउट्रम याच्यापुढे धरतो आणि तो घ्यायला आउट्रमच अवघडतो. किती शांत प्रसंग आहे! गादी जाते आणि गोळी सुटत नाही.

नववीच्या वर्गाला मी हाच तुकडा दाखवते. अवध खालसा झालं १८५६ मध्ये. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८५४ मध्ये, तिसऱ्या रघूजींमागे वारस नाही म्हणून आपलं नागपूरचं राज्य खालसा झालं. भोसल्यांचे दागदागिने कलकत्त्याला लिलावात निघाले. ज्या वाड्यावरून मुलं रोज सायकलनं शाळेत येतात तिथलीच ही गोष्ट. मुकुटाचा प्रसंग संपल्यावर एका मुलानं विचारलं होतं, "मॅडम, आपल्या राणीनं काय केलं असेल त्या दिवशी?" त्या दिवशी पुढचा धडा घेतलाच नाही.

बर्डी, लग्नाचे फोटो काढतो

'बॅरी लिंडन', १९७५, कुब्रिक. संथ आहे म्हणून लोक सोडतात. त्यातले रात्रीचे काही प्रसंग निव्वळ मेणबत्त्यांच्या उजेडात टिपलेत, नासासाठी बनलेली, अगदी कमी उजेडातही चालणारी एफ ०.७ लेन्स वापरून. मी एकदा हळदीच्या रात्री लाइट गेल्यावर समयांवर फोटो काढून पाहिले, तेव्हा त्या माणसाची हिंमत कळली.

इंदोरा

माझा आहे 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'. जब्बार पटेलांचा, २००० साली आला. मामूट्टींना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, नितीन देसाईंना कलादिग्दर्शनासाठी मिळाला. एवढं असून ऐतिहासिक चित्रपटांच्या गप्पांत त्याचं नाव कोणी घेत नाही. जयंतीला आठवतो, मग वर्षभर विसरतो. सिनेमा म्हणून त्याच्याबद्दल बोलायला हवं. अशोक मेहतांचा कॅमेरा पाहा. मूळ मल्याळी नट, चित्रपट इंग्रजीतला, तरी तो माणूस आपल्या घरातला वाटतो.

आमच्या वस्तीत हिंदीतला दाखवला होता, १४ एप्रिलला, गल्लीत पांढरी चादर बांधून. मी चौथीत होते. आजीनं १४ ऑक्टोबर १९५६ ला स्वतः दीक्षा घेतलेली. तेव्हा ती चौदा वर्षांची, बापाच्या खांद्याला धरून उभी. गल्लीत तिला पुढे खुर्ची दिली होती, तर ती खाली सतरंजीवरच बसली.

रमाबाईंच्या प्रसंगांना ती पदरात तोंड घालून रडली. दीक्षेचा प्रसंग सुरू झाला तशी गुडघ्यावर हात टेकवत उठली आणि हात जोडून उभी राहिली. तिच्यामागे सगळ्या बाया उठल्या. मागच्यांना चादर दिसेना, पण कोणीच बसा म्हटलं नाही.

घरी येताना मी विचारलं, "आजी, तसंच होतं का?"

"हो. पण गर्दी कमी दाखवली माय. आमाले तं पाय ठेवाले जागा नवती."