काना गावी काय मनुकांचं पाणी होतं?

वसईकरीण:
"घोटभर घेणारा ख्रिस्ती अर्धाच ख्रिस्ती," असं काल इथे एकाने ठोकून दिलं. मग काना गावच्या लग्नाचं काय करायचं, जिथे येशूने पाण्याचा द्राक्षारस केला? सहा दगडी रांजण, काठोकाठ. भोजनकारभारी नवऱ्यामुलाला म्हणतो, लोक आधी चांगला देतात आणि पाहुणे यथेच्छ प्यायले की हलका काढतात, तू चांगला आत्तापर्यंत ठेवलास. सरबताबद्दल असं कोणी बोलतं का? प्रेषित पौलानेही आपला शिष्य तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलंय. मनाई झिंगण्याला आहे, घोटाला नाही. गोराईला आजोळी आजी गरम खिमाड, म्हणजे मसाला घालून तापवलेली दारू, वाटीने द्यायची. दुसरी वाटी मागितली की पळी उगारायची. एवढीच आमची दारूबंदी.

नगरी_पाणी:
तुमच्या आजीकडे पळी होती. माझ्या आईकडे काहीच नव्हतं. वडील चर्चच्या कमिटीवर, तेही "थोडासा"वालेच. पगाराच्या दिवशी मी आणि भाऊ त्यांना स्टँडवर शोधत फिरायचो. तीमथ्याचं वचन त्यांना तोंडपाठ, दारूपासून सावध करणारा नीतिसूत्रांचा २३ वा अध्याय कधी उघडला नाही. रोमकरांस १४:२१ वाचा. भाऊ अडखळत असेल तर मांसही नको, द्राक्षारसही नको. तो भाऊ तुमच्याच पंगतीला बसलेला असतो, ताई.

मिस्सावाला:
म्हणून प्रभुभोजनालाही, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीलाही, तुम्हा प्रोटेस्टंटांचं द्राक्षारसाऐवजी मनुकांचं पाणी? ते पण बोटभर पेल्यांत, कफ सिरपसारखं! १८६९ मध्ये वेल्च नावाच्या अमेरिकन मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षांचा रस न आंबता टिकवून दाखवला. त्याआधी अठराशे वर्षं मंडळी काय प्यायली?

नगरी_पाणी:
जीभ सांभाळा. माझी आई शनिवारी रात्री प्रार्थना करून त्या मनुका उकळायला ठेवायची. आणि तुमच्या कॅथलिकांत तर शतकानुशतकं प्याला एकट्या फादरांचाच, लोकांना नुसती भाकर!

मिस्सावाला:
भाकर नाही, ख्रिस्तशरीर. भाकर किंवा द्राक्षारस, एका रूपातही ख्रिस्त पूर्णच असतो. माहीत नसेल तर बोलू नये.

केडगावची_सून:
भांडा हो, पण मनुका उकळायच्या की नुसत्या भिजवायच्या? आम्ही भिजवतो. एका ईस्टरला गरमीत दोन दिवस राहिल्या, वर फेस आला. पाळकसाहेब म्हणाले, "आज जरा तिखट लागतंय." अख्ख्या मंडळीने मुकाट्याने घेतलं.

मुक्तिफौजेचा_नातू:
आमच्या मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मी) प्रभुभोजनच नाही, मनुका वाचल्या! तिचा सैनिक, म्हणजे सभासद, होताना दारू-तंबाखू सोडल्याची सही करावी लागते. आजोबांनी केली होती. तंबाखूची डबी मात्र बायबलमागे सापडायची.

वसईकरीण:
धागा मी काढला दारूवर, चाललाय मनुकांवर. असो. व्यसनातून सावरणाऱ्या फादरांना परवानगी घेऊन जेमतेम आंबलेला रस वापरता येतो, म्हणजे अडखळण आमच्या रोमलाही (पोपच्या चर्चलाही) ठाऊक आहे. एवढं मानते. नगरी, स्टँडचं वाचून माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्या घरी खिमाड आणणार नाही, पण अर्धी म्हणवूनही घेणार नाही.

नगरी_पाणी:
अर्धी म्हणणारा मी नव्हतो. मी पाऊण म्हणेन. केडगावच्या ताई, उकळून गाळून घ्या, आणि शनिवारी रात्रीच. दोन दिवस आधी नको.