मदत हवी आहे: अण्णा सांगलीला परतल्यावर हे मेडिटेरेनियन (भूमध्य समुद्राकाठच्या देशांतलं) जेवण कसं चालू ठेवायचं?

नमस्कार. जरा लांब लिहिते आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही.

अण्णा (माझे वडील) ६८ वर्षांचे. दिवाळीनंतर त्यांची अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. मधुमेह नाही, पण साखर काठावर. माळकरी आहेत, त्यामुळे मासे-अंडी नाहीत. घरी सोडताना दवाखान्यात "तेल-तूप बंद" एवढंच सांगितलं आणि आईने ते शब्दशः पाळलं. फोडणी बंद, शेंगदाण्याची चटणी बंद, कोशिंबिरीतला कूटही बंद. उरलं काय, तर भात, पातळ वरण, भाकरी आणि चहाबरोबर खारी-टोस्ट, कारण त्यात तेल दिसत नाही! दोन महिन्यांत अण्णांचं जेवणावरचं मनच उडालं.

मी सहा वर्षं स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला राहते. एप्रिलमध्ये दोघांना तीन महिन्यांसाठी इकडे आणलं. इथल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या तशाच ठेवल्या, पण जेवणाचं उलटंच सांगितलं: ऑलिव्ह तेलाला घाबरू नका, रोज मूठभर अक्रोड-बदाम द्या, कडधान्यं वाढवा, बेकरीचं थांबवा. अण्णा आठवडाभर ताटातलं तेल बघून बिचकत होते.

मग एकदा मी इथल्या पद्धतीने मसूर केले. कांदा, टोमॅटो, लसूण ऑलिव्ह तेलात मंद आचेवर शिजवायचे, त्यात मसूर, गाजर, तमालपत्र. (इथले लोक डुकराच्या मांसाचं सॉसेज घालतात, मी नाही घालत.) खोलगट ताटभर घट्ट मसूर, पाव नावापुरता. अण्णा म्हणाले, "हा तर आपला अख्खा मसूर की गं!" त्या दिवशी किती महिन्यांनी त्यांनी मागून घेतलं. आता तेच आईला मंडईतून हरभरे आणि पालक आणायला लावतात. वजन फारसं हललेलं नाही, पण जिना न थांबता चढतात.

पुढच्या आठवड्यात ते परत जाणार, आषाढीच्या आधी त्यांना घरी पोचायचंच आहे. माझे प्रश्न:

सगळी किमया ऑलिव्ह तेलाची आहे का? तिकडे ते महाग, रोज परवडणार नाही. शेंगतेल चालेल? मासे न खाणाऱ्याने काय करायचं? आणि एक, या जेवणावर स्पेनमध्ये जो मोठा प्रयोग झाला, त्यात १४ प्रश्नांची गुणतालिका होती, तीत आठवड्याला सात पेले वाइनलाही एक गुण आहे. अण्णांना ते सांगितलेलं नाही, पण त्यावाचून फायदा कमी होतो का?

प्रतिसाद

ताई, मी मिरजेत आहारतज्ज्ञ आहे, हृदयरोगी रोज बघते. आधी वाइनचं. ती मुळीच नको. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटलं आहे की दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही. न पिणाऱ्याने हृदयासाठी सुरू करायची ती वस्तू नव्हे.

तुम्ही म्हणता तो प्रयोग प्रेडिमेड. ७,४४७ माणसं, एका गटाला ऑलिव्ह तेल, दुसऱ्याला रोज ३० ग्रॅम अक्रोड-बदाम-हेझलनट, तिसऱ्याला कमी चरबीचा सल्ला. पहिल्या दोन गटांत हृदयविकार, पक्षाघात असे झटके सुमारे ३० टक्के कमी. २०१३ चा तो लेख गट पाडण्यातल्या चुकांमुळे मागे घेऊन २०१८ मध्ये सुधारून छापावा लागला, निष्कर्ष जवळपास तोच राहिला. पण त्यातल्या माणसांना सुरुवातीला हृदयविकार नव्हताच. अण्णांसाठी जवळचा प्रयोग स्पेनमधल्याच कॉर्डोबा शहरातला, २०२२ चा: हृदयविकार असलेले १,००२ रुग्ण, सात वर्षं. कमी चरबीच्या गटात १११ जणांना पुन्हा त्रास झाला, मेडिटेरेनियन गटात ८७ जणांना. फायदा पुरुषांमध्ये स्पष्ट दिसला.

आता बघा, अक्रोडांच्या गटालाही फायदा झालाच. म्हणजे सगळं श्रेय एका बाटलीचं नाही. तेल काढून त्या जागी भात-मैदा भरला तर रक्तातली ट्रायग्लिसराइड्स (चरबीचाच एक प्रकार) वाढतात, आईंच्या हातून नेमकं तेच झालं. यात त्यांचा दोष नाही, सल्लाच अर्धवट होता.

शेंगतेल खुशाल वापरा. त्यातली साधारण निम्मी चरबी ऑलिव्हमध्ये असते त्याच जातीची, ओलिक. या दोन्ही प्रयोगांत शेंगतेल नव्हतं, म्हणून ते तंतोतंत बरोबरीचं आहे असं मी म्हणणार नाही. परवडलं तर एक्स्ट्रा व्हर्जिन (शुद्धीकरण न केलेल्या) ऑलिव्ह तेलाची छोटी बाटली कोशिंबिरीवर कच्चं घालायला ठेवा. "पोमेस" लिहिलेलं स्वस्तातलं घेऊ नका, ते चोथ्यातून काढून शुद्ध केलेलं असतं. माशांऐवजी जवसाची चटणी आणि अक्रोड. माशांतलं ओमेगा-३ (एक प्रकारची चरबी) आणि जवसातलं एकच नव्हे, शरीर त्याचं थोडंच रूपांतर करतं, तरी माळकऱ्याला तोच रस्ता.

खरा बदल ताटाच्या मांडणीत करायचा आहे. तिकडे कडधान्य हेच जेवण आणि पाव बाजूला. आपल्याकडे भात-भाकरीचा डोंगर आणि वाटीत पाणीदार आमटी. मटकी, हुलगे, चवळी, मसूर घट्ट करून दोन वाट्या, भाकरी एक, पालेभाजी भरपूर. आईंना चटणी-कूट परत सुरू करायला सांगा, मीठ मात्र बेताने. एकादशीला साबुदाण्याऐवजी वरी-राजगिरा, सोबत दाण्याची आमटी. गोळ्या स्वतःहून कमी करायच्या नाहीत.

प्रतिसाद

माझी बायपास झाली आहे, कोल्हापूरला राहतो. पोरी, एक अनुभवाचं सांगतो. घाण्याचं शेंगतेल आणतो आणि माणशी महिन्याला अर्धा लिटर वेगळ्या बरणीत काढून ठेवतो. संपलं की संपलं. खारीची सवय मोडायला मला सगळ्यात जड गेलं. आता चहाबरोबर फुटाणे-शेंगदाणे. घरात खारी आलीच नाही तरच ती सुटते, डब्यात असली की हात जातोच.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ताईंचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. "अर्धवट सल्ला" ऐकून ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मला वाटलं मीच चुकले." कूट उद्यापासून इथेच सुरू करते आहे. काका, बरणीची गोष्ट अण्णांना पटली, ते स्वतः मोजून काढणार म्हणतात.

एक राहिलं: हुलगे अण्णांना आवडतात, पण पोट फुगतं. भिजवून मोड आणले तर पचायला हलके होतात का, की कमी प्रमाणात सुरू करू?