कापसाच्या खोलीत उंदीर झालेत. विष न घालता कसे घालवू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

अमळनेर तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. दीड महिना झाला, नीट झोप नाही. जमेल तेवढं सविस्तर लिहिते, म्हणजे नेमकं सांगता येईल तुम्हाला.

घर जुनं आहे. पुढचे दोन खण धाब्याचे (मातीच्या सपाट छताचे), मागे नंतर काढलेला स्लॅब. मधल्या खोलीत दसऱ्यापासून कापूस भरलाय. आमच्याकडे यंदाही घरोघरी तेच, भाव चढेल म्हणून कोणी विकत नाही. ढीग पार खिडकीच्या वर गेलाय. त्याच खोलीच्या कोपऱ्यात दादरची (ज्वारीची) सहा पोती आणि वाळवणाचे डबे. आणि भिंतीच्या पलीकडे सासूबाई आणि माझी अडीच वर्षांची मुलगी झोपतात.

सुरुवातीला रात्री नुसती खुडबुड यायची. मग बिबड्यांच्या (ज्वारीच्या पापडांच्या) डब्याचं प्लॅस्टिकचं झाकण कडेनं कुरतडलेलं दिसलं. मग दादरच्या दोन पोत्यांना खालून भोकं. परवा मुलीचा एक मोजा सापडेना. तो कापूस उपसताना मिळाला, म्हणजे त्याच्या चिंध्या मिळाल्या. ढिगात हातभर आत मुठीएवढा गोळा होता. कापूस, मोज्याचे धागे, बिबड्यांखाली घातलेल्या वर्तमानपत्राचे बारीक तुकडे, सगळं गोल गुंडाळलेलं. मधे सहा पिल्लं, गुलाबी, डोळे न उघडलेली, माझ्या करंगळीच्या पेराएवढी. मी तशीच मागे सरकले. खालच्या थरात सरकीची नुसती टरफलं पडली होती. म्हणजे त्यांना तिथंच खायला, तिथंच निजायला. बाहेर जायची गरजच नाही.

आतापर्यंत काय काय केलं ते सांगते.

मागच्या वर्षी दुकानातून विषाचे केक आणून ठेवले होते. उंदीर मेले, पण धाब्याच्या सरांमध्ये (छताच्या आडव्या लाकडांमध्ये) कुठंतरी जाऊन मेले. आठ-नऊ दिवस घरात बसवत नव्हतं. त्याच आठवड्यात आमची मनी आजारी पडली आणि गेली. तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. तिनं मेलेला उंदीर खाल्ला असावा असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून विष घरात आणायचं नाही, हे मी ठरवलंय. आता तर मुलगी जमिनीवर पडलेलं सगळं तोंडात घालते.

यांनी ऑनलाइन मागवलेलं, प्लगला लावायचं आवाजाचं यंत्र लावलं. दोन रात्री सामसूम होती. तिसऱ्या रात्री त्याच बोर्डाखालून उंदीर पळताना मी स्वतः पाहिला.

डांबराच्या गोळ्या टाकल्या. मुलीला शिंका आणि खोकला सुरू झाला म्हणून दुसऱ्या दिवशी काढल्या.

चिकट पुठ्ठा एकदाच लावला. सकाळी त्यावर एक पाल आणि एक छोटा उंदीर होता, दोन्ही जिवंत. उंदीर ओरडत होता आणि पाय ओढून त्याची कातडी सुटली होती. सासूबाई म्हणाल्या, हे परत नको. मलाही नको.

लाकडी पिंजरा एक आहे, सासऱ्यांच्या वेळचा. त्यात भाकरी अडकवते. आठवड्यात दोन सापडले. यांनी ते गल्लीच्या टोकाला नेऊन सोडले, पण खुडबुड तेवढीच आहे.

सर्वांत मोठी भीती वेगळीच आहे. दिवाळीनंतर दोनदा दारात धामण दिसली. धामण बिनविषारी, हे मला माहीत आहे. पण उंदरांमागे ती येते तसा नागही येईल. त्या ढिगात हात घालायची आता हिंमत होत नाही.

माझे प्रश्न असे: पिंजरे किती आणि कुठे ठेवायचे? आमिष कशाचं? वासाचा काही घरगुती उपाय खरंच चालतो का? आणि कापूस घरात असेपर्यंत हे आटोक्यात येऊ शकतं का? कृपया ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगावं.

*

प्रतिसाद, धरणगावहून

ताई, आधी कोणता उंदीर आहे ते ओळखा. लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी किंवा त्याहून बारीक आणि टोकदार असेल, तर घरातला छोटा उंदीर. अर्ध्या इंचापेक्षा मोठी आणि जाड असेल तर मोठा उंदीर किंवा घूस. तुम्ही सांगितलेल्या गोळ्यावरून छोटाच वाटतो. भिंतीच्या कडेनं चिकचिक करत जाणारी, लांब नाकाची, उग्र वासाची दिसली तर ती चिचुंद्री. ती मुख्यतः किडे खाते. तिच्यामागे लागू नका.

छोट्या उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा किंवा जास्त पिल्लं, आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. म्हणून एका पिंजऱ्यानं काही होणार नाही. आठवड्याला दोन पकडाल, तेवढ्यात तिथं सहा होतील. एकाच वेळी आठ-दहा सापळे लावा, आणि पहिल्या चार-पाच रात्रींतच जोर करा.

जागा महत्त्वाची. उंदीर खोलीच्या मधून जात नाही, मिशा भिंतीला लावून कडेनं पळतो. सापळा भिंतीला काटकोनात ठेवा, आमिषाची बाजू भिंतीकडे. दोन सापळ्यांत पाच-सहा फुटांपेक्षा जास्त अंतर नको. छोटा उंदीर घरट्यापासून फार लांब जात नाही, त्यामुळे दाराजवळ पिंजरा ठेवून ढिगामागचे सापडत नाहीत.

आमिष भाकरीचं नको. तुमच्या घरात दादरचीच पोती आहेत, तो भाकरीसाठी कशाला येईल? शेंगदाण्याचा कूट आणि गूळ मळून वाटाण्याएवढी गोळी करा. ती पट्टीला दोऱ्यानं बांधा, नाहीतर चाटून निघून जातो. कापसाचा बोळाही बांधून बघा. विणीच्या मादीला घरट्यासाठी तोही हवा असतो, पण तुमच्याकडे ढीगच आहे म्हणून गोळी बरी.

मुलगी लहान आहे, म्हणून चाप उघडा ठेवू नका. बुटाच्या खोक्याला दोन बाजूंनी रुपयाएवढं भोक पाडा, चाप आत ठेवा, वर वीट ठेवा. चांगला कडक स्प्रिंगचा चाप क्षणात मारतो, त्यात तडफड नसते. ढिला, स्वस्तातला चाप घेऊ नका.

*

प्रतिसाद, धुळ्याहून

मी कृषी दुकानात बसतो. विष नको म्हणता ते योग्यच करता. मागच्या वर्षीचा केक बहुधा ब्रोमाडायोलोनचा होता. त्यानं रक्त गोठायचं थांबतं आणि उंदीर तीन-चार दिवसांनी मरतो, म्हणून तो कुठंतरी आत जाऊन मरतो. त्याच्या अंगात विष राहतं, मांजर आणि घुबड दोन्ही त्यातून मरतात. त्यावर व्हिटॅमिन के हा उतारा तरी आहे. पण काळ्या पुडीचं झिंक फॉस्फाईड आणि ट्यूबमधलं पिवळ्या फॉस्फरसचं मलम, या दोन्हींवर उतारा नाही. लहान मुलांनी ती ट्यूब टूथपेस्ट समजून तोंडात घातल्याच्या घटना घडल्यात. कोणी फुकट दिली तरी घरात घेऊ नका.

आणि एक हात जोडून सांगतो. धान्यात ठेवायची गोळी आपल्याकडे लोक घरातल्या बिळात टाकतात. ओल लागली की त्यातून फॉस्फिन वायू निघतो. झोपायच्या खोलीला लागून ती टाकणं म्हणजे घरातल्या माणसांच्या जिवाशी खेळ. गिऱ्हाईक कितीही म्हटलं तरी मी घरासाठी ती देत नाही.

आवाजाच्या यंत्राचं म्हणाल तर तो आवाज भिंतीपलीकडे जात नाही, आणि कापसाचा ढीग तर तो गिळूनच टाकतो. शिवाय उंदराला त्याची सवय होते. पुदिन्याचं तेल, लवंग, कांदा यांचा वास एक-दोन दिवस चालतो, मग उडून जातो. त्यावर पैसे घालवू नका, ते पैसे सिमेंटला लावा. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून छोटा उंदीर आत येतो. भोकात आधी भांडी घासायची तारेची घासणी कोंबायची, मग वरून सिमेंट. नुसतं सिमेंट ओलं असतानाच उकरतात.

*

प्रतिसाद, नंदुरबारहून

बेटा, मी वयानं मोठी आहे म्हणून थोडं बोलते. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला तेव्हा आमच्या स्टेशनावर सुरतेकडून येणाऱ्या गाड्या माणसांनी भरून यायच्या. आपली किती माणसं तिकडे पोटासाठी गेलेली. माझा दीर त्यातच परत आला. आम्ही त्याला चार दिवस ओट्यावरच्या खोलीत ठेवलं, आणि मेडिकलमध्ये टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल मिळेनात. माझी सासू तर आधीच्या काळातलं सांगायची, घरात उंदीर पडायला लागले की माणसं गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहायची. आज तशी भीती नाही, पण मेलेल्या उंदराला उघड्या हातानं कधी धरू नको. पिशवी हातावर चढवून उचल आणि पुरून टाक.

लेंड्या कोरड्या झाडू नको, धूळ नाकात जाते. आधी ब्लीचिंगच्या पाण्यानं ओल्या कर, दहा मिनिटं थांब, मग फडक्यानं पूस. त्यांच्या मुतातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप येतो. पायाला भेगा असतील तर त्या खोलीत चप्पल घालून जा. कुरतडलेल्या पोत्यातली दादर चाळून, धुऊन, उन्हात वाळवूनच दळ. बिबडे मात्र टाकून दे, मन घट्ट कर.

आमच्याकडे म्हणतात, जठे दाना तठे उंदीर येसच. पोती जमिनीवर नको, फळीवर घे आणि भिंतीपासून हातभर लांब ठेव.

*

पुन्हा मीच, पंधरा दिवसांनी

सर्वांचे मनापासून आभार. मावशी, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला, त्यांनी दोनदा वाचायला लावला.

आम्ही काय केलं ते लिहिते, कोणाला उपयोग होईल. आधी दोन माणसं लावून, काठीनं ठोकत ठोकत, ढीग चारी भिंतींपासून दीड हात आत ओढला. साप निघाला नाही, घरटी आणखी तीन निघाली. बाजारातून सहा चाप आणि दोन पत्र्याचे पिंजरे आणले. चाप खोक्यात, पिंजरे पोत्यांजवळ. पहिल्या रात्री चार, दुसऱ्या रात्री पाच, मग दोन, दोन, एक. अकरा दिवसांत सतरा. पिंजऱ्यातले यांनी नाल्यापलीकडे पडीत शेतात नेऊन सोडले, गल्लीत नाही.

तरी रोज एखादा दिसायचाच. तेव्हा सासूबाईंनी एक सुचवलं. झोपताना त्यांनी भिंतीकडेनं रांगोळीची पूड अगदी पातळ भुरभुरली. सकाळी बॅटरी लावून वाकून पाहिलं तर मोहरीएवढी पावलं, चार-चार ठिपक्यांची, आणि मधून शेपटीची बारीक रेघ. ती रेघ उंबऱ्याच्या लाकडाखाली जात होती. तिथं बोटभर पोकळी होती. इतकी वर्षं तो उंबरा आम्ही रोज ओलांडतोय, कोणाला दिसली नाही. यांनी त्यात घासणी कोंबली, सिमेंट भरलं, दाराला खालून पत्र्याची पट्टी ठोकली. खिडकीला पाव इंची जाळी लावली. दादर पत्र्याच्या कोठीत गेली.

गेल्या पाच रात्री रांगोळी जशीच्या तशी आहे. मुलगी रात्रभर सलग झोपली. मीही झोपले.

पण कापसाचं यांच्याशी सरळ बोलले. भाव दोनशेनं चढेल म्हणून आपण पोरीच्या उशाशी हे ठेवायचं का? ते आधी गप्प बसले. मग म्हणाले, निम्मा या आठवड्यात देऊन टाकू, निम्मा शेतातल्या शेडात हलवू. शेडात उंदीर लागतील, नुकसान होईल, ते मान्य आहे आम्हाला.

आता एकच अडचण राहिली, त्यासाठी पुन्हा विचारते. धाब्याचे सर जिथं भिंतीत शिरतात तिथं लाकूड आणि मातीच्या मधे फटी आहेत, दोन्ही खणांत मिळून पंधरा-वीस तरी. तिथं सिमेंट धरत नाही, वाळलं की सुटून पडतं. पांढरी माती आणि भुसा मळून भरलं तर उंदीर ते उकरतो. धाब्याचं घर असलेल्या कोणी त्या फटी कशानं बुजवल्या? पावसाळ्याआधी करायचंय, म्हणजे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जायच्या आत.