कार्ड 'डिक्लाइन' होतं तेव्हा नाही कोण म्हणतं? (अनुभव धागा)

धागाकर्ता

आंब्याचा हंगाम आला की रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत एक तक्रार ठरलेली. दुबईतला मुलगा देवगडच्या बागायतदाराच्या साइटवर आईसाठी हापूसची पेटी मागवतो आणि कार्ड चालत नाही. इकडे कोणी होडीच्या आउटबोर्ड इंजिनाचा सुटा भाग अमेरिकेतल्या दुकानातून मागवायला जातो, तिथेही तेच. पडद्यावरचा संदेश दोघांनाही सारखाच आणि दोघांनाही निरुपयोगी: 'दुसरं कार्ड वापरून पाहा.'

ज्यांचं रोजचं काम या व्यवहारांशी आहे त्यांनी लिहावं. 'माझंही असंच झालं' एवढंच नको. कुठे अडतं, का अडतं आणि काय केलं की सुटतं, ते हवं.

काउंटरपलीकडून

आधी नकार कोणाचा ते ओळखा. दुकान, दुकानाचा पेमेंट गेटवे (दुकानासाठी कार्डाचे पैसे स्वीकारणारी ऑनलाइन यंत्रणा) आणि कार्ड देणारी बँक, यांपैकी कोणीही नाही म्हणू शकतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे एसेमेस. बँकेने व्यवहार नाकारला तर बहुतेक बँका तसा संदेश पाठवतात किंवा ॲपमध्ये नोंद दिसते. काहीच आलं नाही, ओटीपीचं पानही उघडलं नाही, तर विनंती बहुधा बँकेपर्यंत पोचलेलीच नसते. मग शाखेत येऊन भांडण्यात अर्थ नाही.

बँकेचा नकार असेल तर दहातल्या सात वेळा कारण बटणाचं निघतं (हा आपला माझा अंदाज). रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या यंत्रापुरतं चालू असतं. ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय वापर ग्राहकाने स्वतः चालू करायचा. ॲपमध्ये 'कार्ड नियंत्रण' किंवा 'मर्यादा' असा भाग असतो. त्यात 'आंतरराष्ट्रीय' चालू करून लोक थांबतात. त्याच्या आत 'ऑनलाइन' असं वेगळं बटण असतं, तेही चालू करा. मग मर्यादा बघा. ती रुपयांत असते आणि कधी कधी शून्यावर पडलेली असते. बिल डॉलरमधलं असेल तर विनिमय दरावर बँकेचं साधारण २ ते ३.५ टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी धरून थोडी जास्तच मर्यादा ठेवा. काम झालं की बटण पुन्हा बंद.

दुकानाने नकाराचा कोड सांगितला तर तो लिहून घ्या. ५७ म्हणजे या कार्डावर असा व्यवहार करायला परवानगी नाही, अर्थात बटण तपासा. ६१ म्हणजे रकमेची मर्यादा ओलांडली. ५१ म्हणजे शिल्लक नाही. ०५ म्हणजे 'नाही म्हणजे नाही', कारण बँकेलाच विचारावं लागतं.

रुपे कार्डाबद्दल: परदेशात ते डिस्कव्हर, डायनर्स, जेसीबी अशा परदेशी कार्ड कंपन्यांच्या जाळ्यांवरून चालतं. कार्ड मुळात आंतरराष्ट्रीय प्रकारचं हवं आणि त्या दुकानानेही ते जाळं घेतलेलं हवं. फक्त देशांतर्गत असलेलं रुपे कार्ड कितीही बटणं दाबली तरी बाहेर चालणार नाही.

गेटवेकर चिपळूण

मी दुकानाच्या बाजूचं सांगतो, कारण बरेचसे गूढ नकार तिथलेच असतात.

कार्डाचे पहिले सहा आकडे म्हणजे बँकेची ओळख. एप्रिल २०२२ पासून आठ आकड्यांची पद्धत आली आहे. एवढ्यावरून दुकानाला बँक कोणती, देश कोणता, डेबिट की क्रेडिट की प्रीपेड, सगळं कळतं. दुकानदार गेटवेमध्ये एका ओळीचा नियम लिहितो: कार्ड अमुक देशाचं नसेल तर घेऊ नको. तुम्ही सोळावा आकडा टाकेपर्यंत निकाल लागलेला असतो. अशा दुकानावर उपाय नाही. तिथे वॉलेटचा पर्याय असेल तर तो पाहा, नाहीतर दुसरं दुकान शोधा.

दुसरी अडचण पत्त्याची. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमध्ये एव्हीएस नावाची पडताळणी चालते. ती अख्खा पत्ता वाचत नाही. घरक्रमांकातले आकडे आणि पोस्टाचा कोड एवढंच बँकेच्या नोंदीशी जुळवते. आपल्या बँका या पडताळणीला उत्तर देत नाहीत, त्यामुळे दुकानाकडे 'माहिती उपलब्ध नाही' असा कोड जातो. नीट बसवलेलं दुकान तो कोड आला तरी व्यवहार पुढे नेतं. कडक दुकान त्याला 'पत्ता चुकला' समजतं आणि ऑर्डर रद्द करतं. त्यातून आपल्याकडचे पत्ते म्हणजे वाडीचं नाव आणि 'देवळाच्या मागे'. आकडाच नाही, तर जुळवणार काय?

फॉर्ममध्ये आधी देश 'भारत' निवडा, मगच पिनकोड टाका. देश अमेरिकाच राहिला तर रकाना पाच आकड्यांचा असतो आणि गुहागरचा ४१५७०३ त्यात ४१५७० होऊन बसतो. काही जण न्यूयॉर्कचा एखादा कोड ठोकून देतात. ते करू नका. कार्ड भारताचं, इंटरनेट भारतातलं आणि पत्ता न्यूयॉर्कचा, म्हणजे चोरीच्या कार्डाचं अगदी शाळेतलं चित्र. व्हीपीएन (आपलं इंटरनेट दुसऱ्या देशातलं दाखवणारी सोय) चालू ठेवूनही हेच होतं.

दुकानं एवढी का घाबरतात, तर चार्जबॅकमुळे. खऱ्या कार्डधारकाने 'हा व्यवहार मी केलाच नाही' म्हटलं की पैसे दुकानाच्या खिशातून जातात, माल तर आधीच गेलेला. ओटीपीसारखी थ्रीडी सिक्युअर पडताळणी झाली असेल तर ती जबाबदारी सहसा कार्ड देणाऱ्या बँकेवर सरकते. आपल्याकडे ऑनलाइन व्यवहाराला दुसरी पडताळणी ऑगस्ट २००९ पासून सक्तीची आहे. अमेरिकेत तशी सक्ती नाही, आणि गिऱ्हाईक मध्येच पळेल म्हणून बरीच दुकानं ती लावतच नाहीत. मग परक्या देशाचं कार्ड म्हणजे निव्वळ जोखीम, आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे नकार.

सारखं सारखं 'पे' दाबू नका. दोनदा अडलं की थांबा. पाच मिनिटांत सहा प्रयत्न झाले की दुकानाची यंत्रणाही तुम्हाला संशयित धरते आणि बँकही. मग मूळ चूक दुरुस्त केली तरी कार्ड अडतं. एक दिवस जाऊ द्या.

कलमाची बाग

आता उलटी बाजू, म्हणजे आपल्या साइटवर परदेशी कार्ड. गेटवे घेतला की बहुतेक ठिकाणी फक्त भारतीय कार्डं चालू मिळतात. परदेशी कार्डं वेगळा अर्ज करून चालू करून घ्यावी लागतात. त्यासाठी साइटवर दर, डिलिव्हरीची मुदत, ऑर्डर रद्द करण्याचे आणि पैसे परत देण्याचे नियम स्पष्ट हवेत. हा अर्ज फेब्रुवारीतच टाका. एप्रिलमध्ये पेट्या भरायच्या की कागद?

खर्च धरा. २,४०० रुपयांच्या पेटीवर ३ टक्के दराने ७२ रुपये, त्यावर जीएसटी १२ रुपये ९६ पैसे, हातात २,३१५ रुपये ४ पैसे. भारतीय कार्डाला २ टक्के धरले तर कपात ५६ रुपये ६४ पैसे. दर प्रत्येकाचे वेगळे असतात, आपले विचारून घ्या.

पण खरी गंमत फॉर्ममध्ये आहे. बिलाचा पत्ता आणि माल पोचवायचा पत्ता असे दोन वेगळे भाग नसतील तर गल्फमधलं गिऱ्हाईक तिथेच अडकतं. संयुक्त अरब अमिरातीत पोस्टाचा पिनकोडच नाही आणि आपला फॉर्म सहा आकडे मागत बसतो. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक. शारजा कुठून येणार? मोबाइलचा रकाना दहा आकड्यांचा, त्यात +९७१ मावत नाही. साइट करणाऱ्याला सांगून चार गोष्टी करून घ्या: बिलाचा देश वेगळा निवडता यावा, देश बदलला की पिनकोड ऐच्छिक व्हावा, मोबाइलला देशाचा कोड घेता यावा आणि लॉगिनचा ओटीपी ईमेलवरही जावा.

चार्जबॅकचंही लक्षात ठेवा. व्हिसा आणि मास्टरकार्डमध्ये तक्रारीची मुदत बहुतेक प्रकारांत १२० दिवसांची असते. एप्रिलअखेरच्या पेटीचं भांडण नारळी पौर्णिमेच्या सुमाराला उगवू शकतं. कुरिअरची पावती, पेटी बंद करतानाचा फोटो आणि घेणाऱ्याची सही तोवर जपून ठेवा.

आखाती पाहुणा

गल्फवाल्यांना कार्डाचा हट्ट कशाला? एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्याला तिकडचा मोबाइल नंबर जोडलेला असेल तर त्यावर यूपीआय चालू करता येतं. अमिराती, सौदी, ओमान, कतार हे देश त्या यादीत आहेत. बँक आणि ॲप दोघांनी ही सोय दिलेली हवी, एवढं तपासा. बागायतदाराच्या दृष्टीने तो साधा देशी यूपीआय व्यवहार, परदेशी कार्डाचा दर नाही.

तारकर्ली निवास

बँकेक गाळी घालूच्या आधी पावण्याक ईचारा, बँकेचा ॲप फोनात उघडा हा काय? युरोपातल्या बऱ्याच बँका ओटीपी पाठवत नाहीत, ॲपमध्ये मंजुरी मागतात. खोली घेणारा परदेशी पाहुणा पेमेंटचं पान बघत बसतो आणि काही मिनिटांत वेळ संपतो. आगाऊ रकमेची लिंक पाठवतानाच हे एका ओळीत लिहा.

युरोपीय संघात डिसेंबर २०१८ पासून नियम आहे: केवळ दुसऱ्या सदस्य देशाचं कार्ड आहे म्हणून दुकानाने ते नाकारायचं नाही. आपल्या कार्डांना त्याचा उपयोग शून्य.

दर्यावर्दी

जहाजावरच्यांसाठी दोनच गोष्टी. उपग्रहावरचं इंटरनेट भलत्याच देशातून बाहेर पडतं, त्यामुळे दुकानाला कार्ड एका देशाचं आणि माणूस दुसऱ्या देशातला दिसतो. खरेदी बंदरात, स्थानिक सिमवर करा. आणि भारतातून घेतलेलं फॉरेक्स कार्ड (परकीय चलन आधीच भरून घेतलेलं) घरच्यांसाठी भारतीय साइटवर वापरू नका, रुपयातल्या व्यवहाराला ते चालत नाही. प्रीपेड असल्यामुळे परदेशी ऑनलाइन सेवांच्या वर्गणीलाही अनेकदा नाकारलं जातं.

गेटवेकर चिपळूण

वर्गणीचं निघालं म्हणून. पहिला हप्ता जातो आणि दुसऱ्या महिन्यात कार्ड नाकारलं जातं, याचं कारण ऑक्टोबर २०२१ पासूनचा ई-मँडेटचा नियम. आपोआप वसुलीची नोंदणी बँकेकडे हवी आणि वसुलीच्या किमान २४ तास आधी सूचना जायला हवी. सर्वसाधारण वर्गणीत १५,००० रुपयांच्या वरच्या हप्त्याला दर वेळी वेगळी मंजुरी लागते. परदेशी कंपनी या व्यवस्थेत नसेल तर बँक वसुली अडवते. वर्षाचे पैसे एकदम भरायचा पर्याय असेल तर तो घ्या.

काउंटरपलीकडून

माझ्या एसेमेसच्या खुणेला एक अपवाद जोडतो. पत्त्याची पडताळणी करणारं दुकान पुष्कळदा बँकेची मंजुरी आल्यावर ऑर्डर रद्द करतं. तेव्हा एसेमेस येतो 'पैसे वजा झाले' आणि दुकान म्हणतं 'कार्ड नाकारलं'. दोघंही खरं बोलत असतात. रक्कम गेलेली नसते, अडकवून ठेवलेली असते (यालाच 'ऑथरायझेशन' म्हणतात). डेबिट कार्डावर तेवढी शिल्लक वापरता येत नाही आणि तीनदा प्रयत्न केला तर तिप्पट अडकते. दुकानाला ईमेल करून 'ऑथरायझेशन रद्द करा' असं स्पष्ट सांगा. तारीख, रक्कम आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे द्या, पूर्ण नंबर कधीच नाही. दुकानाने रद्द केलं तर सहसा काही दिवसांत सुटते, नाहीतर बँकेची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं.