ऊर्जा १०७ झालीच कशी?

रात्रपाळी:
गेमच्या डेटाबेसबद्दल कालच्या पोस्टमधला सल्ला वाचून डोकं उठलं. ऊर्जेची कमाल मर्यादा १००, आणि सल्ला काय? खेळाडूंची ऊर्जा दर पाच मिनिटांनी १० ने वाढवा, 'व्हेअर ऊर्जा < १००' ही अट लावा, झालं काम! अहो, ९७ हे शंभरापेक्षा कमीच, म्हणजे ती ओळ सापडणार आणि १०७ होणार. सेट ऊर्जा = लीस्ट(ऊर्जा + १०, १००), म्हणजे दोन्हींतली लहान किंमत, असं लिहा आणि ते व्हेअर काढून टाका.

जुनाजाणता:
लीस्ट बरोबर, व्हेअर काढणं घातक. बोनसमुळे कुणाकडे १५० असतील तर पुढच्या फेरीत तुमचा लीस्ट त्यातले ५० गिळणार. शिवाय पोस्टग्रेस हा डेटाबेस किंमत तीच असली तरी ओळीची नवी आवृत्ती लिहितो. टाकी भरलेले लाखभर खेळाडू दर पाच मिनिटांनी पुन्हा लिहायचे आणि मग जुन्या आवृत्त्या साफ करणाऱ्या व्हॅक्यूमच्या नावाने बोटं मोडायची!

रात्रपाळी:
मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस नाही लिहीत. 'मॅच्ड' (सापडलेल्या ओळी) आणि 'चेंज्ड' (बदललेल्या ओळी) हे दोन आकडे वेगळे उगाच दाखवतो का?

जुनाजाणता:
लिहीत नसेल, दुसऱ्या कुणी ओळ बदलू नये म्हणून लॉक तर लावतो ना?

रात्रपाळी:
तो तुमच्या व्हेअरनेही लागतो. ऊर्जेवर इंडेक्स (शोधसूची) नसेल तर रिपीटेबल रीड या त्याच्या नेहमीच्या व्यवहार-पातळीत तपासलेल्या सगळ्या ओळी अडकतात. आणि इंडेक्स टाकलात तर दर फेरीला तोही बदलायचा.

नल_आणि_शून्य:
भांडा खुशाल, पण नल, म्हणजे किंमतच नसणं, विसरलात. ऊर्जा नल असेल तर मायएसक्यूएलचा लीस्ट नल देतो. पोस्टग्रेसचा नलकडे काणाडोळा करून सरळ १०० देतो. नोंदणी अर्धवट सोडलेल्याला फुकट भरलेली टाकी!

जुनाजाणता:
म्हणजे वाचवतं पुन्हा व्हेअरच. नल < १०० खरं ठरत नाही, ओळ सुटते.

नल_आणि_शून्य:
सुटते आणि कायमची नलच राहते. कॉलम नॉट नल (रिकामा चालणार नाही असा), डिफॉल्ट ० करा की!

सरळमार्गी:
एवढा काथ्याकूट कशाला? शंभरावर ऊर्जा न स्वीकारणारा चेक कन्स्ट्रेंट लावा, प्रश्न मिटला.

जुनाजाणता:
चेक कापत नाही, अडवतो. व्हेअरवाल्या त्या मूळ अपडेटला एक ९७ सापडला की इनोडीबीत (मायएसक्यूएलच्या साठवण इंजिनात) अख्खं अपडेट मागे फिरतं, कुणालाच काही मिळत नाही. मायएसक्यूएल ८.०.१६ च्या आधी तर तो चेक वाचून मुकाट सोडून देतो.

माळ्यावरचा:
मुळात दर पाच मिनिटांनी आपोआप चालणारा इव्हेंटच कशाला? सर्व्हर बंद असताना हुकलेल्या फेऱ्या तो नंतर भरून काढत नाही. ऊर्जा आणि वेळ साठवा, वाचताना हिशेब करा: लीस्ट(१००, ऊर्जा + फ्लोअर(गेलेले सेकंद / ३००) * १०). फ्लोअर अपूर्णांक टाकून देतो. ऊर्जा खर्च होताना मात्र टाकी भरलेली नसेल तर वेळ 'नाऊ'वर, म्हणजे आत्ताच्या क्षणावर, आणू नका, पूर्ण झालेल्या ३०० च्या पटींइतकीच पुढे सरकवा. नाहीतर दर चार मिनिटांनी खेळणाऱ्याच्या पदरात कधीच काही पडणार नाही. मायएसक्यूएलमध्ये सेटात ऊर्जा आधी, वेळ नंतर. तो डावीकडून उजवीकडे जातो आणि बदललेली किंमतच पुढे वापरतो.

रात्रपाळी:
आणि सर्वाधिक ऊर्जेचे शंभर खेळाडू काढायचे तर? सतत बदलणाऱ्या 'नाऊ'वर इंडेक्स बांधणार?

माळ्यावरचा:
ऊर्जेची क्रमवारी लावतं कोण?

रात्रपाळी:
मागणारे मागतात. असो. व्हेअर परत घातलंय, लीस्टसकट. जुनेजाणते, आता पेढे वाटा.