निकाल लागेपर्यंत मुलाची भेट आणि पोटगी: अंतरिम अर्जाला काय काय लागतं?

प्रश्न:
नवरा-बायको वेगळे राहतात. लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं, सहा वर्षांचा मुलगा आईकडे. घटस्फोटाचा दावा अजून दाखल नाही. तोवर भेटीचे दिवस आणि मुलाचा खर्च ठरवून घेण्यासाठी नुसता अंतरिम अर्ज देता येतो का? सोबत काय जोडायचं?

उत्तर १:
नुसता नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ (पोटगी आणि दाव्याचा खर्च) आणि कलम २६ (मुलांचा ताबा, पालनपोषण, शिक्षण) यांखालचे अंतरिम अर्ज मूळ दावा चालू असेल तरच टिकतात. तो घटस्फोटाचाच हवा असं नाही, न्यायिक विभक्ततेचाही (लग्न न मोडता वेगळं राहण्याच्या आदेशाचा) चालतो. असा दावा नकोच असेल तर पालक व पाल्य कायदा, १८९० खाली मुख्य अर्ज करायचा आणि त्यातच कलम १२ चा अंतरिम अर्ज द्यायचा. तो मूल एरवी जिथे राहतं तिथल्या न्यायालयात. ऐन वेळी मुलाला दुसऱ्या गावी हलवलं, की अधिकारक्षेत्राच्या वादातच महिने जातात. कृपा करून तसं करू नका, ओढाताण मुलाची होते.

उत्तर २:
पोटगीचा अर्ज अडतो तो प्रतिज्ञापत्रावर. सर्वोच्च न्यायालयाच्या रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालापासून दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र ठरलेल्या नमुन्यात द्यावं लागतं. अर्जदाराने अर्जासोबत, समोरच्याने चार आठवड्यांत. सॅलरी स्लिपा, आयकर विवरणपत्रं, बँक खात्याचे उतारे, कर्जाचे हप्ते, शाळेच्या फीच्या पावत्या जोडा. दुसऱ्या कायद्याखाली आधीच पोटगी मिळत असेल तर ते लपवू नका. ती रक्कम नव्या पोटगीतून वळती होते, आणि लपवल्याचं उघड झालं तर बाकीच्या म्हणण्यावरचाही विश्वास उडतो. शेतीवर अवलंबून असणाऱ्यांचा नमुना वेगळा आहे, तो बघून घ्या.

उत्तर ३:
भेटीच्या मागणीत ‘वाजवी भेट मिळावी’ एवढंच लिहू नका. असा आदेश मोडला गेला हे दाखवणंच कठीण जातं. वार, वेळ, मूल कुठे घ्यायचं नि कुठे सोडायचं, व्हिडिओ कॉलची वेळ, सुट्ट्यांची वाटणी, आजारपणात बुडालेली भेट कधी भरून द्यायची, हे सगळं मागणीतच मांडा. मुलाला परदेशी नेलं जाण्याची खरी भीती असेल तर पासपोर्टबद्दल स्वतंत्र मागणी हवी. न्यायालयाने नेमलेल्या समुपदेशकाकडची तारीख चुकवू नका. तिथे सहमती झाली तर ती लेखी करून न्यायालयापुढे ठेवा. तोंडी कबुली आदेश होत नाही.

प्रश्नकर्ता:
साठ दिवसांत आदेश होतो असं वाचलं. खरं का?

उत्तर २:
‘शक्यतो’ साठ दिवस, आणि तेही नोटीस बजावल्यापासून. शिवाय कलम २६ मधली ही मुदत मुलांच्या पोषण-शिक्षणाच्या अर्जाला आहे, ताब्याला नाही. उशीर बहुतेकदा नोटिशीच्या बजावणीतच होतो, म्हणून समोरच्याच्या घराबरोबर नोकरीच्या ठिकाणाचा पत्ताही पहिल्याच दिवशी द्या.